मंत्री सभागृहातच बसतात, मग सत्ताविभाजन कुठे आहे?

एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे : "माँटेस्क्यूने इंग्लंडची राज्यपद्धती पाहून सत्ताविभाजनाचा सिद्धांत मांडला, असं पुस्तकात आहे. पण इंग्लंडमध्ये मंत्री संसदेतच बसतात, आपल्याकडेही तसंच. मग त्याने चुकीचं पाहिलं का? आणि भारतात सत्ताविभाजन आहे असं लिहायचं की नाही असं?"

परीक्षेपुरतं उत्तर दोन ओळींचं आहे. भारतात ताठर सत्ताविभाजन नाही, पण विधिमंडळ, कार्यकारी यंत्रणा आणि न्यायसंस्था या तिन्ही अंगांची कामं पुरेशी वेगळी केलेली आहेत. १९५५ साली राम जवाया कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. एवढ्यावर मार्क मिळतात. प्रश्नाचा पहिला भाग मात्र असा निकालात निघत नाही, आणि तो सुटल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. मी फौजदारी वकिली करतो. हा सिद्धांत मला घटनापीठापुढे क्वचित भेटतो. जास्त भेटतो तो चॅप्टर केसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत, आणि तडीपारीच्या नोटिशीत. तिकडे शेवटी येतो. आधी इंग्लंड.

फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यू १७२९च्या अखेरीस इंग्लंडला गेला आणि १७३१पर्यंत तिथे राहिला. तेव्हा सत्तेवर होता रॉबर्ट वॉलपोल. हा गृहस्थ राजाच्या खजिन्याचा प्रमुख होता आणि हाउस ऑफ कॉमन्सचा सभासदही. पदं आणि पेन्शनी वाटून सभागृह मुठीत ठेवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा विरोधक बोलिंगब्रोक आणि त्याची मंडळी याच मुद्द्यावर 'क्राफ्ट्समन' या पत्रातून त्याला सतत झोडपत होती, आणि ते पत्र माँटेस्क्यूच्या वाचनात होतं. कॉमन्सच्या चर्चेलाही तो जाऊन बसलेला होता. तेव्हा मंत्री सभागृहात बसतात हे त्याला दिसलंच नाही, असं म्हणायला जागा नाही.

इंग्रजांनाही हे खुपत होतंच. १७०१च्या 'अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट'मध्ये एक कलम होतं : राजाकडून पगारी पद किंवा पेन्शन घेणाऱ्याला कॉमन्समध्ये बसता येणार नाही. हॅनोव्हर घराणं गादीवर आलं की ते लागू व्हायचं होतं. तसं झालं असतं तर आज ज्याला आपण संसदीय पद्धत म्हणतो ती जन्मालाच आली नसती. पण लागू होण्याआधीच, राणी अ‍ॅनच्या काळात, ते कलम सौम्य झालं. मंत्री व्हा, पण पुन्हा मतदारांकडून निवडून या, एवढीच अट राहिली. ती अटही रखडत रखडत १९२६ साली संपली. त्या मूळ कलमाचा अंश आपल्या घटनेत मात्र अजून जिवंत आहे. अनुच्छेद १०२मध्ये लाभाचं पद धारण करणारा खासदार अपात्र ठरतो आणि लगेच स्पष्टीकरणात सांगितलंय की केवळ मंत्री आहे म्हणून कुणी लाभाचं पद धारण करतो असं मानू नये. अडीचशे वर्षांचा इंग्लिश वाद असा एका अनुच्छेदात बसवलेला आहे.

आता माँटेस्क्यूचा मूळ मजकूर बघा. 'द स्पिरिट ऑफ लॉज' १७४८ साली जिनिव्हात निनावी छापलं गेलं. त्याच्या अकराव्या पुस्तकातलं सहावं प्रकरण इंग्लंडच्या राज्यघटनेवर आहे. त्यात एक वाक्य तुमच्या शंकेच्या नेमकं उलट जातं. राजा नसेल आणि अंमलबजावणीची सत्ता विधिमंडळातूनच घेतलेल्या काही लोकांच्या हाती दिली, तर स्वातंत्र्य उरणार नाही, असं तो साफ लिहितो. म्हणजे आज आपण ज्याला मंत्रिमंडळ म्हणतो त्याचा धोका त्याने ओळखला होता. आणि प्रकरण संपवताना तो हात झटकतो : इंग्रज प्रत्यक्षात हे स्वातंत्र्य उपभोगतात की नाही हे पाहणं माझं काम नाही, त्यांच्या कायद्याने ते प्रस्थापित केलंय एवढं पुरे. ही पळवाट आहे की प्रामाणिकपणा यावर विद्वान अजून भांडतात. मला तो वकिली सावधपणा वाटतो. त्याने इंग्लंडचं छायाचित्र काढलेलं नाही, कायद्यातून निघणारा नकाशा काढलाय. आणि हा नकाशा ज्या राजाला दाखवायचा होता तो लंडनला नव्हे, फ्रान्सात व्हर्सायला बसला होता.

पण त्या प्रकरणाचा खरा गाभा मला इंग्लंडच्या मजकुरात दिसत नाही, तो व्हेनिसच्या परिच्छेदात आहे. पाठ्यपुस्तकं तो हमखास गाळतात.

कागदावर व्हेनिस हे सत्ताविभाजनाचं आदर्श उदाहरण होतं. तिथे महापरिषद कायदे करायची, सिनेट अंमल करायचं, चाळीसांची न्यायसभा निवाडे द्यायची. तीन कामं, तीन सभागृहं, नावंही वेगळी. तरीही माँटेस्क्यू व्हेनिसला स्वतंत्र मानत नाही. त्याच्या दृष्टीने तिथे तुर्कस्तानच्या सुलतानाइतका जुलूम नव्हता, पण मुळात जात तीच. शासन टिकवायला तिथेही सरकारी अन्वेषक लागत होते, आणि कुणीही कुणाविरुद्धही चिठ्ठी टाकावी अशी पेटी भिंतीत बसवलेली होती. कारण त्याने एका वाक्यात दिलंय : ही वेगवेगळी न्यायासनं एकाच वर्गातल्या माणसांची बनलेली आहेत, म्हणून त्यांची मिळून एकच सत्ता होते. थोडक्यात, सगळे एकाच माळेचे मणी.

हे ध्यानात घेतलं की तुमचं कोडं सुटतं. माँटेस्क्यू विचारतो ते एवढंच, की एका हाताने जे केलं ते दुसरा, खरोखर वेगळा असलेला हात अडवू शकतो का? इंग्लंडमध्ये कामांची सरमिसळ होती. राजाला विधेयकावर नकाराधिकार होता, उमरावांचं सभागृह महाभियोगाचा खटला चालवत होतं, म्हणजे अंमल करणारा कायद्यात आणि कायदे करणारे न्यायात हात घालत होते. पण राजा, उमराव आणि सामान्य प्रजेचे प्रतिनिधी यांचे हितसंबंध वेगळे होते, आणि कर व सैन्य यांची मंजुरी दर वर्षी घ्यावी लागे. म्हणून गाडी अडत होती. व्हेनिसमध्ये कामं वेगळी होती, पण माणसं एकाच घरातली. म्हणून काहीच अडत नव्हतं.

न्यायसंस्थेबद्दल त्याचं म्हणणं आजच्या वाचकाला धक्का देणारं आहे. तीन सत्तांपैकी न्यायाची सत्ता एका अर्थी शून्यवत आहे, असं तो म्हणतो. न्यायाधीश म्हणजे कायद्याचे शब्द उच्चारणारं मुख. कायमस्वरूपी न्यायमंडळही त्याला नको होतं. वर्षाच्या ठराविक वेळी लोकांतून पंच निवडावेत, त्यांनी काम संपवून घरी जावं. न्यायाधीशांवर इतका अविश्वास का? तो स्वतः न्यायाधीश होता म्हणून. १७१६ साली काकाकडून त्याला बोर्दोच्या 'पार्लमाँ'मधलं अध्यक्षपद वारशाने मिळालं. पार्लमाँ म्हणजे तिथलं उच्च न्यायालय, संसद नव्हे. १७२६ साली त्याने ते पद विकलं. होय, विकलं, फ्रान्समध्ये तेव्हा न्यायासन ही खरेदी-विक्रीची, वारसाहक्काची मालमत्ता होती. न्याय ही माणसामाणसांतली किती भयंकर सत्ता आहे हे तो लिहितो तेव्हा ते त्याने आतून पाहिलेलं असतं. न्यायालयाने कायदा रद्द करावा ही कल्पना त्याच्या चौकटीत कुठेच नाही. आपल्याकडच्या भाषणांत न्यायालयीन पुनर्विलोकनाचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात ते सरळ सरळ चूक आहे.

इंग्लिश विचारवंत जॉन लॉकबद्दल दोन शब्द, कारण प्रश्नपत्रिकेत तो असतोच. त्याच्याकडेही तीन सत्ता आहेत : कायदे करणारी, अंमल करणारी आणि परराष्ट्र संबंध पाहणारी. न्यायसंस्था वेगळी नाहीच. पण जे कायदे करतात त्यांच्याच हाती अंमल दिला तर मानवी दुबळेपणाला मोह आवरणार नाही, हे तो माँटेस्क्यूच्या आधी जवळजवळ साठ वर्षं लिहून गेला. रूसोला हे सगळं प्रकरण हास्यास्पद वाटे. सार्वभौमत्वाचे तुकडे करणारे लोक म्हणजे जपानी जादूगार, पोराचे तुकडे हवेत उडवतात आणि अखंड पोर खाली उतरवून दाखवतात, असं तो 'सामाजिक करारा'त म्हणतो. टोमणा झकास आहे. मात्र कायदा करणारं सार्वभौम आणि अंमल करणारं सरकार यांत रूसोही रेघ ओढतोच, हे विसरू नका.

आता एकाच प्रकरणाचे दोन वारसदार बघा, कारण त्यांनी त्यातून उलटसुलट धडे घेतले.

अमेरिकेत संविधानाच्या मसुद्यावर एक मुख्य आक्षेप हाच आला की यात सत्तांची भेसळ आहे. अध्यक्षाला नकाराधिकार, नेमणुकांना सिनेटची संमती, महाभियोग सिनेटपुढे, माँटेस्क्यूचं काय? त्या मसुद्याच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने १७८८च्या सुरुवातीला मसुद्याच्या समर्थनार्थ निघालेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेतल्या ४७व्या लेखात त्याला दिलेलं उत्तर नमुनेदार आहे. माँटेस्क्यूच्या डोळ्यापुढे इंग्लंड होतं आणि इंग्लंडमध्ये तर भेसळ होतीच. म्हणजे त्याला थोडाफार सहभाग मंजूर होता. एका खात्याची संपूर्ण सत्ता ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच हातात दुसऱ्या खात्याचीही संपूर्ण सत्ता जाणं, एवढंच त्याने निषिद्ध मानलं. मग मॅडिसन एकेका राज्याची घटना उघडून दाखवतो की मोठमोठ्या घोषणा करूनही कुणीच सत्ता पूर्ण वेगळ्या ठेवलेल्या नाहीत. पुढच्या लेखात तो सांगतो की कागदी कुंपणं कामाची नाहीत, आणि जेफर्सनचं व्हर्जिनियाच्या विधिमंडळाबद्दलचं वचन उद्धृत करतो : १७३ जुलमी एकट्या जुलमी माणसाइतकेच त्रासदायक असतात, खोटं वाटत असेल त्यांनी व्हेनिसकडे पाहावं. पुन्हा व्हेनिस! माँटेस्क्यूचा तो परिच्छेद अमेरिकनांनी नीट वाचला होता. ५१व्या लेखातला त्यांचा तोडगाही त्यातूनच आलाय : एका पदावरच्या माणसाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेवर सोडायची. अध्यक्षाची निवडणूक वेगळी, सिनेटची वेगळी, प्रतिनिधिगृहाची वेगळी, मुदतीही वेगळ्या. हे सगळं माणसं वेगळी राहावीत म्हणून. उमरावांचा वर्ग नसलेल्या देशात हितसंबंध वेगळे पाडायचा त्यांनी काढलेला हा मार्ग होता. राजकीय पक्ष मात्र त्यांच्या हिशेबात नव्हते. अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहं एकाच पक्षाकडे आली की हा बंदोबस्त किती ढिला पडतो, ते तिथे वारंवार दिसतं.

फ्रान्सने त्याच पुस्तकातून न्यायाधीशांबद्दलची भीती उचलली. क्रांतीआधी पार्लमाँची मंडळी राजाचे फर्मान नोंदवायला नकार देऊन सुधारणा अडवत असत, त्यात त्यांच्या वर्गाचे कर-सवलतींचे हितसंबंध होते. त्यामुळे २६ ऑगस्ट १७८९च्या जाहीरनाम्यातलं १६वं कलम म्हणतं की जिथे सत्तांचं विभाजन ठरलेलं नाही त्या समाजाला घटनाच नाही; आणि ऑगस्ट १७९०च्या कायद्याने त्याचा अर्थ लावला तो असा, की न्यायाधीशांनी प्रशासनाच्या कारभारात कोणत्याही प्रकारे व्यत्यय आणू नये. मग सरकारी अधिकाऱ्याने अन्याय केला तर जायचं कुठे? प्रशासनाकडेच. त्यातून १७९९ साली 'कोंसेय देता', म्हणजे राज्य परिषद, उभी राहिली. ही आधी फक्त सल्ला देत असे. १८७२ साली तिला स्वतःच्या नावाने निवाडे देण्याचा अधिकार मिळाला, आणि आज ती सरकारला सज्जड दणके देणारं खरंखुरं न्यायालय आहे. विभाजनाच्या नावाने सुरू झालेली गोष्ट ऐंशी वर्षं उलट्या दिशेला चालली आणि मग वळली. जाता जाता : नोव्हेंबर १७८९मध्ये राष्ट्रसभेने आपल्या सभासदांना मंत्री व्हायला बंदी केली. तत्त्व उदात्त, निशाणा मंत्रिपदाकडे डोळा असलेला सभासद मिराबो. तो उभा राहिला आणि म्हणाला, बंदी माझ्यापुरतीच करा ना.

भारताकडे येऊ. डिसेंबर १९४८मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली की तिन्ही अंगांमध्ये संपूर्ण विभाजन असावं. ती फेटाळली गेली. डॉ. आंबेडकरांचं म्हणणं स्पष्ट होतं : न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी हवी याबद्दल वाद नाहीच, विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ तोडायचं मात्र कारण नाही, अमेरिकनांतलेच पुष्कळजण त्याला कंटाळलेत. त्याआधी ४ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी सांगून ठेवलं होतं की आम्ही स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकतं माप दिलंय. सभागृहात बसलेला मंत्री रोज प्रश्नांना उत्तर देतो, आणि बहुमत गेलं की घरी जातो. हाच त्यांचा अडवणारा हात होता. मग पक्षांतरबंदी आली. १९८५च्या ५२व्या दुरुस्तीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सभासद सभासदत्व गमावतो. फोडाफोडी रोखण्यासाठी ते गरजेचं होतं, हे मान्य. पण आंबेडकरांनी ज्या हातावर भिस्त ठेवली होती तो त्याच दुरुस्तीने बांधला गेला, आणि अपात्रतेचा निवाडा देणारे अध्यक्ष बहुमतानेच खुर्चीवर बसवलेले असतात. महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षात ११ मे २०२३च्या निकालानंतरही आमदारांच्या अपात्रतेचा प्रश्न अध्यक्षांकडेच गेला. निर्णय आला १० जानेवारी २०२४ रोजी. कोण बरोबर होतं ते सोडा. त्या खुर्चीला व्हेनिसची कसोटी लावून पाहा.

कायदे करणारा आणि निवाडा देणारा एकच झाला तर काय होतं, याचा धडा आपण १९७५ साली घेतला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. अपील प्रलंबित असताना ऑगस्टमध्ये ३९वी घटनादुरुस्ती आली. तिच्यातल्या ३२९-अ अनुच्छेदाचा चौथा खंड कायदा म्हणून नका वाचू, निकालपत्र म्हणून वाचा : आधीचा निवडणूक कायदा या निवडणुकीला लागू नव्हताच, निवडणूक वैधच आहे, न्यायालयाचा आदेश शून्य आहे. एका व्यक्तीचा एक खटला संसदेने परस्पर निकाली काढला. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो खंड रद्द केला. निवडणूक मात्र वैध ठरली, कारण मधल्या काळात निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलून घेतला होता. विद्यार्थ्यांना हे विसंगत वाटतं. कायदा बदलणं हे संसदेचं काम आहे, पुरावा न पाहता खटला निकाली काढणं नाही. रेघ तिथे ओढली गेली.

कार्यकारी सत्ता कायदे करू लागते तेव्हाचं उदाहरण पुण्यातल्या माणसाने उघडकीला आणलंय. गोखले इन्स्टिट्यूटमधले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या राजपत्रांचा माग काढला. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले आणि त्यांतले कितीतरी मुदत संपली की पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले होते, विधानसभेपुढे न आणता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६मध्ये याला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं.

आणि आता ते, ज्याच्याशी माझा रोजचा संबंध येतो. अनुच्छेद ५० सांगतो की न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करावी. ब्रिटिश काळात मामलेदार वसुलीही करायचा आणि शिक्षाही ठोठावायचा. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत होते. मुंबई राज्याने १९५१ साली त्यासाठी कायदा केला, देशभर हे १ एप्रिल १९७४पासून झालं. खटले न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेले. पण प्रतिबंधक कारवाई मागे राहिली. शांतता राखण्याचा बाँड, चांगल्या वर्तणुकीची हमी, म्हणजे पोलिसी भाषेत चॅप्टर केस. ग्रामीण भागात ती तहसीलदारापुढे चालते. पुणे-मुंबईसारख्या आयुक्तालयात तीच सहायक पोलीस आयुक्तापुढे चालते, कारण त्याला विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेले असतात. पोलीस ठाण्याचा प्रस्ताव, पोलीस खात्याचा न्यायाधीश. दोघांची दालनं बहुधा एकाच आवारात.

तडीपारीचं तर घराणंच दाखवता येतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ५६. पोलीस ठाणं प्रस्ताव पाठवतं, सहायक आयुक्त कलम ५९ची नोटीस काढून चौकशी करतो, उपायुक्त आदेश देतो : अमुक जिल्ह्यांतून जास्तीत जास्त दोन वर्षं हद्दपार. फाइलमध्ये गोपनीय साक्षीदारांचे जबाब असतात. नाव नाही, पत्ता नाही, तारीख मोघम. उलटतपासणी कुणाची घेणार? अपील कलम ६०खाली राज्य शासनाकडे, म्हणजे गृह विभागाकडे, आणि पोलीस खातंही गृह विभागाचंच. चार पायऱ्या, चार पदनामं, चार सह्या. पहिला खरोखर वेगळा हात भेटतो तो उच्च न्यायालयात, रिट याचिकेवर. तिथे असे आदेश रद्द होतात, कधी कारणं दिली नाहीत म्हणून, कधी एवढ्या जिल्ह्यांतून का घालवलं ते सांगता आलं नाही म्हणून. तोवर अशील सहा-आठ महिने परजिल्ह्यातल्या नातेवाइकाकडे काढून आलेला असतो.

म्हणून उत्तरपत्रिकेत "भारतात सत्ताविभाजन आहे की नाही" याला हो-नाही लिहू नका. कोणत्या निर्णयाबद्दल विचारताय ते आधी ठरवा. तो निर्णय कुणी घेतला, कुणी तपासला, आणि तपासणाऱ्याची नेमणूक, बढती, बदली कुणाच्या हाती आहे, एवढं लिहा. राज्याच्या जिल्हा न्यायाधीशासाठी त्याचं उत्तर अनुच्छेद २३३ आणि २३५मध्ये सापडेल, सहायक पोलीस आयुक्तासाठी गृह विभागाच्या बदली आदेशात.